कोजागिरीपर्यंत नळ चालू

अधिक महिन्याचा आणि गाडीतले नळ फुटण्याचा काही संबंध असतो, हे लग्नाच्या वेळी मला कोणी सांगितलं नव्हतं. असतो. २०२३ साली श्रावण अधिक आला, गणपती १९ सप्टेंबरला बसले आणि कोजागिरी सरकत सरकत २८ ऑक्टोबरवर गेली. नाशिकला याने कोणाचं काही बिघडत नाही. आम्ही राहतो डेन्व्हरला. इथे ऑक्टोबरचा पहिला आठवडा उलटला की कुठल्याही रात्री पाण्याचा बर्फ होऊ शकतो, आणि आमच्या दारात एक चोवीस फुटी आरव्ही उभी असते, पोटात पाणी घेऊन.

आरव्ही म्हणजे ट्रकच्या चासीवर बसवलेलं वन रूम किचन. ओटा, बेसिन, संडास, पलंग, सहा गॅलनचा गीझर, आणि या सगळ्यांना जोडत कपाटांमागून, पलंगाखालून, जिथे हात पोचत नाही तिथून फिरणाऱ्या नळ्या. बाहेरच्या अंगाला एक शॉवरही आहे, पाय धुवायला. आम्ही तो कधी वापरलेला नाही. पण गोठण्यात पहिला नंबर त्याचा, कारण बाहेरची हवा आणि तो यांच्यामध्ये फक्त एक पातळ प्लॅस्टिकचं झाकण असतं. थंडी आली की शहाणी माणसं हे सगळं पाणी काढून टाकतात, गीझर रिकामा करतात आणि पंपाने दोन-तीन गॅलन गुलाबी द्रव सगळ्या नळ्यांतून फिरवतात. हे प्रॉपिलीन ग्लायकॉल. इंजिनात घालतात ते वेगळं, ते विषारी असतं. दुकानात दोन्ही शेजारी शेजारी ठेवणाऱ्याच्या मनात काय असतं, कोण जाणे. प्रत्येक नळातून गुलाबी धार आली की झालं. अर्ध्या दिवसाचं काम. मग वसंत येईपर्यंत गाडीकडे बघायला नको.

माझ्या नवऱ्याला, मिलिंदला, हे सगळं पाठ आहे. गुलाबी कॅन त्याने सप्टेंबरातच आणून ठेवले होते. पण सप्टेंबरातच त्याने कोजागिरीही ठरवून टाकली होती: चार कुटुंबं, चॅटफिल्डचं तळं, आटवलेलं दूध, पाण्यात चंद्र. गुलाबी द्रव भरला की नळ बंद. म्हणजे अठ्ठावीसपर्यंत भरायचा नाही. "एकोणतीसला सगळं काढतो," तो म्हणाला. प्रश्न फक्त मधल्या रात्रींचा होता.

डेन्व्हरचा ऑक्टोबर लबाड असतो. दुपारी अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि पहाटे गाडीच्या काचेवर बर्फ. समुद्रसपाटीपासून मैलभर उंचीवरची ही कोरडी हवा दिवसाची ऊब रात्रीसाठी राखून ठेवत नाही. उंचीमुळे उकळण्यात आम्हाला सवलत आहे, पाणी इथे ९५ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळतं आणि तुरीची डाळ कुकरशिवाय जन्मात शिजत नाही. गोठण्यात मात्र सवलत नाही. ते जगभर जिथे गोठतं तिथेच इथेही गोठतं. इथल्या फॅरनहाइटच्या भाषेत, बत्तिसाला.

पहिल्याच आठवड्यात मिलिंदने नाशिकला बहिणीला फोन केला. "आज रात्री सत्तावीस सांगितलंय गं."

"छानच की," नणंद म्हणाली. "इथे बत्तीस आहे अजून. पंखा लावून बसलोय."

शेजारचा बॉब निवृत्त प्लंबर. त्याने मिलिंदला कुंपणापाशी उभं करून एक तास घेतला, आणि तो तास ऐकण्यासारखा होता. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. पण नळी बहुधा बर्फाच्या जागी फुटत नाही. नळीत कुठेतरी बर्फाचं बूच बसतं, ते वाढत जातं आणि बूच आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेलं पाणी चेपत जातं. जायला वाट नसते. मग जो सांधा सगळ्यात कच्चा, तो जातो. आरव्हीत तो प्लॅस्टिकचा असतो आणि ओटा उखडल्याशिवाय दिसत नाही. म्हणून, बॉब म्हणाला, पंप बंद करा, तळाशी दोन नळ असतात ते सोडा, वरचे सगळे नळ उघडे ठेवा, गीझरचं बूच काढा. दहा मिनिटांचं काम. जे घोटभर पाणी पंपात आणि कोपऱ्याकापऱ्यात उरेल त्याला फुगायला जागा असेल. चार तास थंडी पडून गेली तर काही होत नाही. कोजागिरीला चहाचं पाणी कॅनमधून न्या, संडासात वरून ओता.

मिलिंदने सगळं मन लावून ऐकलं, बॉबचे आभार मानले आणि यातलं काहीही केलं नाही.

मला विचाराल तर बॉबच्या उपायात एकच खोट होती. तो केल्यावर रात्री करायला काही उरत नाही. थंडीची रखवाली करायला मिळावी म्हणून तर पुरुष आरव्ही घेतात, असं माझं मत झालं आहे. शिवाय टाकी रिकामी करायची म्हणजे उन्हाळा संपला हे स्वतःच्या हाताने कबूल करायचं. ते मिलिंदकडून होत नाही. आमच्या घरात एअरकूलरही दिवाळीनंतर माळ्यावर जातो.

तर रखवाली सुरू झाली. पंप आणि टाकी ज्या कप्प्यात असतात तिथे एक साठ वॅटचा पिवळा बल्ब लावून ठेवायचा, हा आरव्हीवाल्यांचा जुना तोडगा. या बल्बची नव्वद टक्क्यांहून जास्त वीज उष्णतेत वाया जाते. कप्पा गरम ठेवायचा असेल तर ती वाया जात नाही, सत्कारणी लागते. एलईडी इथे बिनकामाचा, तो फक्त उजेड देतो आणि पंपाला वाचन करायचं नसतं. पण वीज वाया जाते याच कारणासाठी अमेरिकन सरकारने १ ऑगस्ट २०२३ पासून घरगुती पिवळ्या बल्बची विक्री जवळजवळ बंदच करून टाकली होती. इतकी वर्षं फडताळभर मिळणारा बल्ब नेमका त्याच थंडीत मिळेना. सूट होती ती काही खास दिव्यांना. त्यात पाळीव सरडे-सापांना ऊब देणारे दिवेही होते. म्हणून आम्ही प्राण्यांच्या दुकानात गेलो.

"कुठला प्राणी आहे?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

"मोठा आहे," मिलिंद म्हणाला.

"लांबी?"

"चोवीस फूट."

तिने मॅनेजरला बोलावलं. आम्ही निघालो. तो दिवा तसाही इतका तापतो की प्लॅस्टिकच्या कप्प्यात लावला असता तर गोठण्याची काळजी कायमची मिटली असती, गाडीसकट. शेवटी बॉबने आपल्या तळघरातून जुना बल्ब आणून दिला, भोवती जाळी असलेल्या होल्डरमध्ये. त्याच्याकडे खोकंभर होते. द्यायच्या आधी त्याने ते मोजले.

बल्बने कप्पा सांभाळला. बाकीच्या गाडीसाठी गॅसवरचा फर्नेस असतो, पण त्याचा पंखा गाडीच्या बॅटरीवर चालतो आणि गाडी प्लगला नसेल तर पहाटेपर्यंत बॅटरी बसते. म्हणून मिलिंदने गॅरेजच्या प्लगला वायर जोडली आणि गॅस वाचवायला आत दीड हजार वॅटचा विजेचा हीटर ठेवला. यात एक गंमत आहे. हीटरने आतली हवा तापते, थर्मोस्टॅटला वाटतं सगळं आलबेल आहे, आणि तो फर्नेस सुरूच करत नाही. फर्नेसची गरम हवा जमिनीखालून टाक्यांपाशी जात असते. ती थांबली की आत पलंगावर ऊब आणि तळाशी बर्फ. हे बॉबने सांगितल्यावर हीटर आणि फर्नेस दोन्ही लागले.

गॅरेजचा प्लग पंधरा अँपिअरचा. हीटर एकटाच साडेबारा खातो. एका रात्री ब्रेकर पडला. गाडीतलं तापमान उशापाशी दिसावं म्हणून मिलिंदने एक बिनतारी थर्मामीटर आणला होता, त्यामुळे त्याला लगेच कळलं; तो धावत गेला, वायर ओढून स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत घेतली, तिथल्या प्लगला लावली आणि गाडी वाचवली म्हणून समाधानाने झोपला. गॅरेजच्या त्याच सर्किटवर आणखी काय आहे, हा विचार त्याच्या मनाला शिवला नाही. तिथे आमचा मोठा फ्रीझर होता. पुढे केव्हातरी मी नारळ काढायला गेले, तर खवलेला नारळ, गणपतीतले मोदक आणि सासूबाईंनी निगुतीने लाटून ठेवलेल्या पुरणपोळ्या, सगळ्यांचा एकजीव लगदा तळाशी साचलेला. दारात जे गोठू नये म्हणून घर जागत होतं ते गोठलं नव्हतं. घरात जे गोठलेलं राहायला हवं होतं तेवढं वितळलं.

मला वाटलं सासूबाई चिडतील. त्या चिडल्या नाहीत, कारण तोवर त्याही रखवालीत सामील झाल्या होत्या. त्यांचं माहेर निफाड तालुक्यातलं. महाराष्ट्रात थंडीची बातमी आली की निफाडचं नाव येतंच. द्राक्षाचे घड भरायच्या दिवसांत पारा फार उतरला की मण्यांना तडे जातात, म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, धूर करतात, ठिबकने पाणी सोडतात, कारण जमिनीतलं पाणी हवेपेक्षा उबदार असतं. लहानपणी त्या भावांबरोबर बागेत जागल्या आहेत. थंडीशी सामना करायला आमच्या घरात त्यांच्याइतकं लायक कोणी नव्हतं, पण इथला खटलाच उलटा होता.

"आमच्याकडे पाणी सोडून बाग वाचवतात," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे पाण्यालाच वाचवायचं? मग ते सोडून द्या की."

म्हणजे बॉबचंच म्हणणं. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही आणि तरी दोघांचं एकमत, हे पाहून मिलिंदने विषय बदलला.

त्यांना तसंही साडेचारला जाग येते. काकडआरती खरी सुरू होते कोजागिरीनंतर. आमच्याकडे ती आधीच सुरू झाली. पहाटे अंधारात त्यांचा आवाज यायचा, "मिल्या, चौतीस झालं रे." सर्वांत थंड वेळ मध्यरात्र नसते, सूर्योदयाच्या आसपासची असते, हे त्यांना कोणी सांगावं लागलं नाही. आणखी एक गोष्ट त्यांच्या लवकर लक्षात आली. आभाळ निरभ्र असलं की पारा घसरतो, ढग असले की जमिनीची ऊब अडून राहते. त्यामुळे मिलिंद रोज ढगांसाठी देव पाण्यात घालून बसायचा आणि अठ्ठावीसला मात्र त्याला आभाळ लख्ख हवं होतं. देवाने यातलं काय ऐकायचं, असं त्या मला विचारत.

एका फारच थंड रात्री त्यांनी गोधडी काढली, मुंबईहून बॅगेत आणलेली. ती टाकीच्या कप्प्याच्या दारावर बाहेरून बांधायची ठरली. मिलिंदने त्यांना समजावलं की गोधडी ऊब तयार करत नाही, असलेली धरून ठेवते.

"ते मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "गोधडीत माणूस लागतो."

हे त्याला पटलं. स्वस्थ पडलेलं माणूस साधारण शंभर वॅटच्या बल्बाएवढी उष्णता सोडतं, आणि या बल्बावर अजून सरकारची बंदी आलेली नाही. मिलिंद उशी घेऊन आरव्हीत झोपायला गेला. कपाटांची दारं उघडी टाकून, संडासाच्या भिंतीला पाठ लावून. सकाळी नळ शाबूत होते. मिलिंदची मान आठवडाभर डावीकडे वळत नव्हती.

मग गुरुवारी वेधशाळेने कळवलं की शनिवारी बर्फ, आणि त्यामागून खरी थंडी, विशीच्या खालची. शनिवार म्हणजे अठ्ठावीस. बल्ब, हीटर, गोधडी आणि नवरा सगळे मिळूनही त्याला पुरणार नव्हते. चॅटफिल्ड रद्द झालं. आणि ज्या कोजागिरीसाठी ते पाणी इतक्या रात्री जिवापाड सांभाळलं, तिच्याच दिवशी दुपारी मिलिंदने तळाचे नळ सोडले. टाकी रिकामी व्हायला फार वेळ लागला नाही. बॉब गुलाबी कॅन धरून उभा होता. आपण आधी काही बोललो होतो, असं त्याने एकदाही दाखवलं नाही, हे मिलिंदला फार लागलं.

पाहुणे मात्र आलेच. आरव्ही दारातल्या दारात, फर्नेस पूर्ण जोरात, आत चार कुटुंबं दाटीवाटीने, बाहेर बर्फाचं भुरभुरणं. दूध घरातल्या गॅसवर आटवून आणलं. कोणाच्या तरी मुलाने बेसिनचा नळ उघडला आणि ओरडला, "इथे सरबत येतंय!" त्याच्या हातातला पेला हिसकावण्यासाठी मिलिंदने त्या रात्री पहिल्यांदा मान डावीकडे वळवली.

मग नाशिकहून फोन. तिकडे रविवारची सकाळ झाली होती. भारतात त्या रात्री एक वाजून गेल्यावर खंडग्रास चंद्रग्रहण होतं, वेध दुपारीच लागलेले, आणि दूध प्यायचं की नाही यावर नणंदेच्या सोसायटीत दोन तट पडले होते. "तुमच्याकडे?" तिने विचारलं. आमच्याकडे ग्रहण नव्हतं, चंद्र उगवायच्या आधीच ते संपलं होतं. चंद्रही नव्हता. ढग होते, मिलिंदने मागितलेले सगळे, एकदम.

रविवारी फुटबॉलमध्ये डेन्व्हरच्या ब्रॉन्कोजनी बर्फात चीफ्सना हरवलं, किती वर्षांनी, त्यामुळे बॉबला आमच्या नळांची आठवणही राहिली नाही. पुढच्या आठवड्यात ऊन परत आलं, मिलिंद पुन्हा अर्ध्या बाह्यांत. आरव्हीभोवती दोन फेऱ्या मारून तो आत आला.

"दिवाळी बारा तारखेला आहे," तो म्हणाला. "त्याआधीचा एक शनिवार-रविवार मोकळा दिसतोय. गुलाबी पाणी धुऊन काढायला कितीसा वेळ लागतो?"

सासूबाईंनी थर्मामीटर कुठे ठेवलाय म्हणून विचारलं. मी काही बोलले नाही. गॅरेजमधल्या फ्रीझरची वायर काढून ती घरातल्या दुसऱ्या प्लगला लावली आणि त्या प्लगवर चिकटपट्टी मारली.