संन्याशाची झडती

मे महिन्याचा पहिला रविवार म्हणजे आमच्या भिलाईच्या जुनवानीत कात्रीचा सण. त्या दिवशी नीटची परीक्षा असते आणि ऐन वेळी कुणाच्या तरी कुर्त्याच्या बाह्या लांब निघतात. पूर्ण बाहीतून देशाची वैद्यकीय व्यवस्था गळून पडेल, अशी सरकारला धास्ती आहे. मग केंद्राच्या फाटकाबाहेर, भर उन्हात, कुणाची आई रस्त्यावरच बाह्या कापायला बसते. आम्ही अनुभवाने शहाणे झालो आहोत. हॉल तिकीट, फोटो, पारदर्शक बाटली आणि कात्री, अशी आमची पिशवी आदल्या रात्रीच भरून तयार असते.

2024 साली भाचीचा नंबर होता. बाह्या अर्ध्या, पायांत चपला, केसांत एकही पिन नाही. तरीही ते हातातलं यंत्र तिच्या दंडापाशी कुरकुरलं. आजीने शेगावहून आणून बांधलेला गंडा, त्यात इवलासा पितळी मणी! तपासणीवाल्या बाईंनी विचारलं, "इसमें क्या है?" पोरगी म्हणाली, "आजी." बाईंना विनोद कळला नाही. गंडा कापला गेला. रेल्वेला रूळ पुरवणारं हे भिलाई. 1959 पासून इथली भट्टी पेटलेली आहे, आणि त्याच गावात एका मण्याने यंत्रणा हादरली. आजी दोन दिवस जेवली नाही, ते वेगळंच.

झडतीबद्दल माझी तक्रार नाही. कॉपी करणारे असतात. 2015 साली याच परीक्षेचा पूर्वावतार असलेली एआयपीएमटी सुप्रीम कोर्टाला रद्द करावी लागली, तेव्हापासून बाह्या आखूड झाल्या. माझी शंका एवढीच की, पोरांच्या बाह्या चाचपत असताना प्रश्नपत्रिका कुठे होती?

2024 साली 5 मेच्या सकाळी ती हजारीबागेत होती. केंद्रावरची पेटी उघडून पानांचे फोटो निघाले आणि ते पाटण्याला पोचले. पेपर तिथे फुटला होता, यावर पुढे सुप्रीम कोर्टातही वाद उरला नाही. सीबीआयने लाभार्थी मोजले 155. तिकडे लातुरात जिल्हा परिषदेचे दोन शिक्षक पकडले गेले आणि 'लातूर पॅटर्न' या शब्दाला नवाच वास आला. पेटीला मात्र कुणी विचारलं नाही, "इसमें क्या है?"

पण खरी मौज झाली आमच्या शेजारी, बालोदला. तिथल्या एका केंद्रावर घोळ झाला आणि 185 पोरांचा वेळ वाया गेला. चूक केंद्राची. दंतेवाड्यातही तसंच, तिथली 417 पोरं. देशभरात सहा केंद्रांवर मिळून 1563. परीक्षा घेणाऱ्या एनटीएने उदार मनाने त्यांना वेळेच्या बदल्यात गुण वाटले, आणि निकाल लावला 4 जूनला. ठरल्या तारखेच्या दहा दिवस आधी, नेमका लोकसभेच्या मतमोजणीच्या दिवशी. सगळं गाव टीव्हीसमोर, कुणाला कळणार, असा हिशेब असेलही. पण ज्या देशात घरोघर एक पोर नीटला बसतं, तिथे गणित लपत नाही. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीचं असेल तर एक वजा. म्हणजे 720 च्या खाली एकदम 716 किंवा 715. यादीत दिसले 718 आणि 719! अशक्य गुण देण्याचा पराक्रम कुठल्याही कॉपीबहाद्दराला आजवर जमलेला नव्हता.

आणि मग संशय कुणावर? पोरांवर. किराणा दुकानात, लग्नाच्या मांडवात, कॉलनीच्या बाकावर एकच प्रश्न: "बालोद सेंटर था क्या?" विचारणारा डोळे असे बारीक करायचा की पोरगं आपोआप गुन्हेगार दिसायला लागायचं. वेळ गेला तो सरकारच्या हातून, गुण आले ते सरकारच्या हातून, आणि तोंड लपवायचं कुणी? चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण आपल्याकडे जुनीच आहे. इथे संन्याशाला आधी जबरदस्तीने चोरीचा माल दिला, हा तेवढा नवा शोध.

13 जूनला सरकारने कोर्टात सांगितलं: वाढीव गुण रद्द. हवं तर मूळ गुण ठेवा, नाहीतर पुन्हा परीक्षा द्या. ती ठेवली 23 जूनला. तिच्या दोन दिवस आधी नवा कायदा लागू केला: परीक्षेत संघटित गुन्हा केल्यास दहा वर्षांपर्यंत कैद, दंड किमान एक कोटी. फेरपरीक्षेच्या आदल्या दिवशी एनटीएचे महासंचालक हटवले गेले. गृहस्थ छत्तीसगड केडरचेच. पुढे ते रायपुरात परतले आणि मुख्यमंत्र्यांचे प्रधान सचिव झाले. त्यांना फेरपरीक्षा द्यावी लागली नाही. 1563 पैकी 750 पोरांनीही ती दिली नाही. बालोदच्या 185 मधली 70 त्यात. का आली नाहीत, यावर आमच्या बाकावर अजून तर्क चालतात, आणि अर्थातच सगळे वाईटच.

एवढ्यावर थांबेल तर ती परीक्षा कसली! भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाची दोन उत्तरं बरोबर धरली होती, एक नव्या पाठ्यपुस्तकातलं, एक जुन्या. कोर्टाने आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांना विचारलं, ते म्हणाले एकच बरोबर. पैकीच्या पैकी मिळवणारे आधी 67 होते, वाढीव गुण गेल्यावर 61, शेवटी उरले 17. म्हणजे 44 पोरं रात्रीतून पहिल्या नंबरावरून घसरली, तीही जुन्या पाठ्यपुस्तकावर विश्वास ठेवल्याबद्दल.

आमची भाची यंदा पुन्हा बसते आहे. आजीने नवा गंडा आणला आहे, या वेळी बिनमण्याचा. केंद्रावर कुणी वाचक भेटणार असतील तर एक विनंती: येताना कात्री घेऊन या. आमची मागच्या खेपेला फाटकापाशी कुणीतरी मागून नेली, ती परत आलीच नाही. संशय कुणावरच नाही.