घर एडिसनला, मुक्काम बाणेर

“हल्ली कुठे असतोस रे?” असं याला विचारू नये. मुंजीच्या पंगतीत आत्याने सहज विचारलं, तर हा आधी इकडेतिकडे बघतो आणि मग म्हणतो, “कोण विचारतंय त्यावर आहे.”

ग्रीनकार्डवाला स्टार्टअप-संस्थापक ही जमात पुण्यात बाणेर-बालेवाडीकडच्या कॅफेंमध्ये हमखास आढळते. कंपनी डेलावेअरमध्ये नोंदलेली, इंजिनिअर बाणेरात, गिऱ्हाइकं सिंगापुरात. घर मात्र न्यू जर्सीत, एडिसनला. तिथलं विजेचं बिल, ड्रायव्हिंग लायसन्स, इतकंच काय, लायब्ररीचं कार्डही त्याने जिवंत ठेवलंय. लायब्ररीतून पुस्तक आणल्याचं ऐकिवात नाही.

पूर्वी त्याची समजूत होती की सहा महिन्यांतून एकदा तिकडे पाय लावून आलं की भागतं. वकिलाने ती उतरवली. सलग १८० दिवसांच्या वर बाहेर राहिलात तर विमानतळावर उलटतपासणी, वर्ष उलटलं तर नुसत्या कार्डावर प्रवेश नाही, आणि दिवस काटेकोर पाळले तरी ‘तुमचं खरं घर कुठे?’ हे अधिकारी विचारणारच. तेव्हापासून स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर आईच्या दुधाच्या खुणांशेजारी याचे आकडे पडू लागले. चुलतभावाच्या लग्नाची तारीख निघाली तेव्हा हा दचकून म्हणाला, “अगं, तो एकशे ब्याऐंशीवा दिवस येतो!” आईने काळजीने विचारलं, “म्हणजे पंचक आहे का?”

त्यात इथला सीए बजावतो, भारतात १८२ दिवस भरू देऊ नका, नाहीतर इथले निवासी व्हाल. तिकडचा म्हणतो, अमेरिकेत रिटर्न निवासी म्हणूनच भरा, अनिवासी म्हणून भरलंत तर घर सोडल्याची कबुलीच दिलीत समजा. थोडक्यात, याने इथे राहू नये यावर दोन्ही देशांतल्या सल्लागारांचं एकमत आहे. राहावं असं फक्त आईला वाटतं. इंजिनिअरांचं नक्की सांगता येत नाही.

आता त्याने रीएंट्री परमिटचा घाट घातलाय. त्याची मुदत साधारण दोन वर्षं. पण गंमत अशी, की बाहेर राहायची सोय हवी असेल तर अर्ज करताना आधी अमेरिकेत हजर राहावं लागतं. या सगळ्यातून आलेलं शहाणपण तो जिलबी वाढायला आलेल्यालाही वाटतो: “विमानतळावर ग्रीनकार्ड सोडल्याचा आय-४०७ फॉर्म पुढे केला ना, तर सही करायची नाही. इमिग्रेशन जजपुढे न्या म्हणायचं!” वाढपी मान डोलावतो आणि विचारतो, “मठ्ठा?”

एवढा जिवाचा आटापिटा करण्यापेक्षा सरळ नागरिकत्व का घेत नाही? एडिसनला मुलांना सांभाळत राहिलेली त्याची बायको परवाच शपथ घेऊन आली. याची अडचण वेगळी आहे. त्यासाठी पाच वर्षांतले निदान ३० महिने प्रत्यक्ष अमेरिकेत काढावे लागतात, आणि कंपनीच्या व्यापात तेवढी रजा त्याला मिळत नाही. मालक तोच असला म्हणून काय झालं!