धंतोली-रामदासपेठ आयात नियमावली

शेजारी देशांचा व्यापार कसा चालतो हे शिकायला दिल्ली-ढाक्यापर्यंत जायला नको. नागपुरातली आमची धंतोली आणि वर्धा रोडपलीकडची रामदासपेठ ही दोन सार्वभौम राष्ट्रं आहेत असं समजा. दोन्हींकडे दवाखाने आहेत, फाटकाशी संत्र्यांचे ठेले आहेत आणि पेशंटला भेटायला रिकाम्या हातानं जाऊ नये असं मानणारे सोयरे आहेत. आज कुणीही ठेलेवाला सिग्नलची वाट न पाहता इकडची संत्री तिकडे नेतो आणि विकून मोकळा होतो. ना अर्ज, ना शिक्का. राष्ट्रहितासाठी हे थांबलंच पाहिजे. सबब पुढील मसुदा जनतेच्या माहितीसाठी प्रसिद्ध करीत आहोत.

एक : संत्र्यांची आयात परवान्यानेच होईल आणि परवाना निविदेनेच मिळेल. निविदा दोन लिफाफ्यांत भरावी. पहिल्यात तीन वर्षांच्या आयातीचा अनुभव, दुसऱ्यात दर. परवान्याशिवाय घेतलेला अनुभव बेकायदा समजून अर्ज बाद केला जाईल.

दोन : बयाणा रक्कम ठेल्यावरच्या एकूण मालाच्या किमतीपेक्षा कमी नसावी.

तीन : मंजुरी मिळेपर्यंत संत्री ताजी ठेवण्याची जबाबदारी सर्वस्वी अर्जदाराची राहील. मुदतवाढ फक्त कार्यालयाला मिळेल, फळाला नाही.

चार : धंतोलीत भाव चढले तर धंतोली निर्यात बंद करील. रामदासपेठेत भाव पडले तर रामदासपेठ आयात बंद करील. दोन्हींकडे भाव स्थिर राहिले तर ते का राहिले याच्या चौकशीसाठी संयुक्त समिती नेमली जाईल.

पाच : शुद्धिपत्रक रात्री निघेल आणि सकाळी निघालेल्या ठेल्यालाही लागू होईल.

मसुदा आम्ही ओळखीच्या ठेलेवाल्याला वाचून दाखवला. त्याचं अर्धं लक्ष मनोऱ्यावरून घसरणाऱ्या संत्र्यांकडे होतं. मऊ पडलेलं एक फळ अंगठ्यानं दाबून त्यानं बाजूच्या टोपलीत टाकलं आणि म्हणाला, "भाऊ, तुमचा परवाना येईपर्यंत पेशंटची सुट्टी होऊन जाते न. मंग संत्रा कोनाले विकू?" हा अभिप्राय विहित नमुन्यात नसल्यामुळे विचारात घेतलेला नाही.

चौथा नियम कुणाला थट्टेचा वाटत असेल तर त्यानं कांदा उत्पादकाला विचारावं. 8 डिसेंबर 2023 पासून केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली. बंदी मार्चअखेरपर्यंतच होती, ती पुढे वाढली. एप्रिल 2024 मध्ये सरकारनं सांगितलं की बांगलादेश, श्रीलंका, भूतान, मॉरिशस, बहारीन आणि संयुक्त अरब अमिरात या सहा देशांना मिळून 99,150 टन कांदा जाऊ दिला आहे. तो पाठवण्याचं काम राष्ट्रीय सहकारी निर्यात संस्थेकडे. पद्धत अशी की देशात खरेदी ऑनलाइन, ज्याचा भाव सगळ्यात कमी त्याचा कांदा. परदेशाला विकताना मात्र वाटाघाटीनं ठरलेला दर आणि शंभर टक्के रक्कम आगाऊ. आपल्या माणसाशी घासाघीस आणि परक्याकडून रोकडा! असा काटेकोर व्यवहार आमच्या कोणत्याही ठेलेवाल्याला जमलेला नाही. मे महिन्यात बंदी उठली, पण टनामागे 550 डॉलर किमान निर्यातमूल्य आणि 40 टक्के शुल्क घेऊनच. सप्टेंबरात किमान मूल्य गेलं आणि शुल्क 20 टक्क्यांवर आलं. ते पुरतं उठायला 1 एप्रिल 2025 उजाडला.

तुरीची तऱ्हा उलटी. 2017 मध्ये पीक दणदणीत आलं, विदर्भात खरेदी केंद्रांपुढे बैलगाड्या आणि ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या. त्यानंतर ऑगस्टमध्ये आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा आली. माल घरात सडायला लागल्यावर दाराला कडी घातली, तरी तिचं कौतुक करावं लागतं, कारण 2021 च्या मे महिन्यात दार पुन्हा सताड उघडलं. त्याच वर्षी म्यानमारशी करार झाला : दरसाल एक लाख टन तूर, पाच वर्षं. म्यानमारच्या शेतकऱ्याला पाच वर्षांचा लेखी भरवसा मिळाला. यवतमाळच्या शेतकऱ्याला हमीभाव मिळतो, पण दर हंगामात नव्यानं आणि केंद्रावर नंबर लागला तर.

नियम बदलण्यात शेजारीही आपल्याला हार जाणारे नाहीत. नागपुरी संत्र्याचं बांगलादेश हे मोठं गिऱ्हाईक. 2019 मध्ये तिथलं आयातशुल्क किलोमागे 20 रुपये होतं, नोव्हेंबर 2023 पर्यंत ते 88 वर गेलं. वरुड-मोर्शीचा माल सीमेवर महाग झाला आणि काटोल-नरखेडात भाव कोसळले. मग आपल्या राज्य सरकारनं निर्यातदारांना या शुल्काच्या निम्मं अनुदान देण्याची घोषणा केली. थोडक्यात, शेजाऱ्यानं कर बसवला आणि त्यातला निम्मा आम्ही आमच्या तिजोरीतून भरायचं ठरवलं. आमच्या नियमावलीत एवढं औदार्य बसवायला जागा नव्हती, याची खंत वाटते.

संत्र्याचं झाड लावल्यापासून धड फळ यायला पाच वर्षांच्या आसपास काळ जातो. शुल्क 20 रुपये असताना ज्यानं बाग लावली, त्याची बाग फळाला येईतो शुल्क 88 झालं होतं. आता दोन्हींकडच्या सरकारांना हात जोडून एकच विनंती. बंदी घाला, शुल्क लावा, परवाने विका, पाहिजे तर लिलाव करा. पण जो काही नियम करायचा तो लागवडीच्या आधी सांगा आणि निदान झाडाला फळ येईपर्यंत तो बदलू नका.