तेराव्याचा पाहुणा

प्रगती मोजायची तर घाटकोपरला यावं. छेडानगरच्या पेट्रोल पंपावरचं होर्डिंग पालिकेच्या म्हणण्याप्रमाणे 120 बाय 120 फुटांचं, पालिकेची मर्यादा 40 बाय 40. नियमाच्या नऊपट विकास! लिम्का बुकात नोंदही झाली. परवान्यासाठी मात्र कुणाला टेप सापडली नाही. जागा रेल्वे पोलिसांकडची, म्हणून पालिकेची परवानगी लागत नाही म्हणे. 13 मे 2024 च्या वादळात ते कोसळलं, 17 माणसं गेली. मग गावभर स्ट्रक्चरल ऑडिटची धांदल. आपल्याकडे ऑडिटरला बारशाचं आमंत्रण नसतं, थेट तेराव्याचं.

सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगचंही तेच. मुंबई पालिकेच्या सुमारे 12 हजार कोटींच्या खर्चावर 2023 मध्ये अहवाल आला. 64 कामांत कंत्राटदाराशी करारच नाही. करोनाकाळातल्या साडेतीन हजार कोटींचे कागद मागितले, तर पालिकेनं 1897 चा साथरोग कायदा पुढे केला. फायलींनाही विलगीकरण!

प्रगती मोजणाऱ्या जीडीपीत सगळं जमेलाच: होर्डिंग उभारलं तेव्हा भर, ते हटवायला क्रेन आणल्या तेव्हाही भर. वजाबाकी फक्त ऑडिटरच्या वहीत. आणि विधिमंडळात ती वही मांडली जाते बहुधा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी.