कॅप्टन आप्पा

लोक त्याला कॅप्टन आप्पा म्हणतात आणि फौजेत तो एक दिवसही नव्हता. असा कॅप्टन किन्हवलीला एक आहे, डोळखांबला एक, सरळगावला एक. वय ऐंशीच्या आसपास, पाठ ताठ, मिशी कातरलेली, आणि वहाणांच्या मुलखात पायांत काळे बूट. भेटला की आधी तुमच्या पायांकडे बघतो, मग तोंडाकडे.

हा माणूस चीनने घडवला. ऑक्टोबर 1962 मध्ये चीनचा हल्ला झाला, नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, आणि 1963 पासून कॉलेजातल्या धडधाकट पोरांना एनसीसी सक्तीची झाली. तोवर तो हौशी पोरांचा कारभार होता. शिकायचं तर आसनगावची पोरं पहाटेची लोकल धरून आणि मुरबाडची एसटीने कल्याणकडे जात. कालपर्यंत मेघदूत शिकवणारे सर कामठीचं प्रशिक्षण घेऊन खांद्यावर तारा लावून परतले आणि यक्षाचा विरह अर्ध्यावर टाकून ‘दाहिने मुड’ म्हणू लागले.

परेडची खरी लढाई आदल्या रात्री घरात होई. खाकी हाफपँटला विकतचा स्टार्च कुठला परवडायला? भाताची पेज गाळायची, पँट तीत बुडवायची, वाळवायची आणि तांब्यात निखारे घालून इस्त्री फिरवायची. सकाळी ती पँट आत पाय नसतानाही उभी राही. पट्ट्याचं पितळ चिंचेने घासायचं. देवाच्या समईची पाळी त्यानंतर. बूट दोन नंबर मोठे, म्हणून पुढे जुना पेपर कोंबलेला. पोरं भरमसाट आणि रायफली मोजक्या, त्यामुळे कित्येक परेड लाकडी रायफलीवरच निभावल्या. खरी थ्री-नॉट-थ्री हातात आली तेव्हा किती गोळ्या निशाणाला लागल्या, हे कॅप्टन सांगत नाही. खांद्याला दणका कसा बसला ते मात्र सदरा सरकवून दाखवतो. तिथे आता काही नाही, पण आपण ‘अरे बाप रे’ म्हणायचं.

तिसऱ्या वर्षी तो अंडर ऑफिसर झाला आणि 1965 च्या सप्टेंबरात पाकिस्तानशी जुंपली. मुंबईत ब्लॅकआउट, म्हणजे आपल्याकडेही हवाच. गावात वीज नव्हती, ही अडचण त्याने मनावर घेतली नाही. घरोघरचे कंदील झाकायला लावले आणि चुली विझवायला वर ठाकरवाडीवर गेला. तिथल्या म्हातारीने विचारलं, “काय रं पोरा, त्या इमानाला माझी भाकर दिसंल?”

“शत्रूला ठिणगीसुद्धा दिसते, आजी.”

“दिसली तर त्याला सांग, नाचणीची हाय. पोट भरायचं न्हाय त्याचं.”

ही गोष्ट तो स्वतः कधी सांगत नाही. गाव सांगतं.

पुढे पदवी, मग शाळेत मास्तरकी. लढाई त्याच्यापर्यंत आलीच नाही, म्हणून शिकलेलं सगळं त्याने मिळेल त्यावर वापरलं. आवणीला बायका चिखलात उतरल्या की हा बांधावरून ‘दाहिने सज’ करून भाताच्या ओळी सरळ करायला लागतो. “आप्पा, खाली उतरा न् मग सांगा,” असं कुणी म्हटलं की बुटांकडे बघून हुकूम मागे घेतो. घरी ताट वाढलं की भाकऱ्या तपासतो. बायको म्हणते, “अहो, जेवायचंय की हजेरी घ्यायचीय?”

त्याची थट्टा करणारे आम्ही एका जागी मात्र गप्प असतो. 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडाच्या रानात स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रजांच्या गोळ्यांनी पडले. त्या दिवशी दरवर्षी पहाटे तिथे लोक जमतात. कॅप्टन अंधारातच पोचतो आणि सावधान उभा राहतो. पुढाऱ्यांची भाषणं लांबतात, ‘विश्राम’ म्हणायचं कुणाला सुचत नाही, आणि हा तसाच उभा. परतताना एकदा म्हणाला, “त्याच वर्षांत कॉलेजांतली पोरं इंग्रजाच्या देखरेखीखाली कवायत शिकत होती. आपल्या या माणसांना लेफ्ट-राइट शिकवलंय कुणी?” कवायतीवर एवढी श्रद्धा असलेल्या माणसाच्या तोंडचं हे वाक्य आहे, म्हणून लिहून ठेवतो.

एनसीसीची सक्ती 1968 साली उठली. पुढच्या वर्षी एनएसएस आली आणि पोरं रायफलीऐवजी कुदळ-फावडं घेऊन श्रमदानाला निघाली. कॅप्टनला मात्र लेखी हुकूम अजून मिळालेला नाही. तेव्हा तुमच्याकडे लग्न निघालं तर त्याला पत्रिका अवश्य द्या; पंगत तो अशी बसवतो की वाढप्याला वाकडं जाता येत नाही. पण मुहूर्त ‘सकाळी 10 वाजून 37 मिनिटे’ असा छापाल, तर भटजी, बँडवाले आणि नवरदेव वेळेवर आणायची जबाबदारी तुमची. नाहीतर वरातीत नाचणाऱ्या व्याह्यांना तो सर्वांसमोर ‘थम’ म्हणतो, आणि त्याचा आवाज अजून चांगला आहे.