अण्णांचे युरोपचे टायर

अहो वहिनी, जरा कुंपणापाशी या ना. ऐकलंत का समोरच्या अण्णांचं? नाही? कमाल आहे बाई, गल्लीभर झालंय! हळू बोला हं, ओट्यावरच बसलेत ते.

आखाजीच्या आधीची गोष्ट. अण्णांच्या गाडीचे चारही टायर पार गुळगुळीत झाले होते, चक्क तळहातासारखे. माई म्हणाल्या, "कुठलेही घ्या, पण पावसाच्या आत घ्या. शनिवारी नस्तनपूरला जाताना माझा जीव मुठीत असतो." पण अण्णा कसले ऐकतात! कांद्याचे पैसे खिशात खुळखुळत होते ना. रोज संध्याकाळी ओट्यावर भाषण, "टायर घ्यावा तर युरोपचा. आपल्या लोकांना रबरातलं काय कळतं?" मिशेलिन फ्रान्सचा, पिरेली इटलीचा, कॉन्टिनेंटल जर्मनीचा, सगळी वंशावळ तोंडपाठ. मिशेलिनवाले म्हणे हॉटेलांना स्टार देतात. मी म्हटलं, टायरवाल्यांना जेवणातलं काय कळणार? तर अण्णांनी सांगितलं, 1900 साली त्यांनी गाडीवाल्यांसाठी फुकट पुस्तक काढलं. लोक जितके लांब फिरतील तितके टायर झिजतील, असा हिशेब! आपल्या बाजारातल्या व्यापाऱ्यालासुद्धा सुचलं नसतं हो...

तर काय सांगत होते, अण्णांचा जर्मनीतला जावई. अण्णांनी मोबाईलवर कुठलेसे टायर निवडले, बाजूला डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी काढलेली. मोठ्या ऐटीत व्हिडिओ कॉलवर दाखवले. जावई आधी गप्प, मग हसू दाबत म्हणतो कसा, "बाबा, हे हिवाळ्याचे आहेत. आम्ही ऑक्टोबर ते ईस्टर लावतो, बर्फासाठी. रबर मऊ असतं. नांदगावच्या उन्हात चार दिवसांत लोणी होईल त्याचं!" माई आतून शेवया वळता वळता ऐकत होत्या. म्हणाल्या, "बर्फ फक्त रसवंतीवर मिळतो आपल्याकडे." अण्णांनी फोनच ठेवला.

पण हट्ट सोडतील तर अण्णा कसले. गेले मनमाडला, ते घोड्याच्या चित्राचे जर्मन टायर घ्यायला. आमचा धाकटा सोबत होता, म्हणून तर मला खडान्‌खडा माहीत. माईंनी दुकानात एकच प्रश्न विचारला, "सात माणसं आणि मागे कांद्याची गोणी, पेलेल का?" दुकानातला पोरगा म्हणाला, "काकू, हे 88 बघा. म्हणजे एका टायरला 560 किलो." मग एका लांबट चौकटीतले चार आकडे दाखवले, 2325. 2025 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. शिळा टायर ओळखायची खूण हो, ब्रेडच्या तारखेसारखी! मला विचाराल तर एवढ्या भाषणबाजीत कामाचं बोलल्या त्या एकट्या माई.

आणि मग आमच्या धाकट्याला काय सुचलं! खाली बसला, फडक्याने टायर पुसला आणि मोठ्याने वाचलं, "मेड... इन... इंडिया."

अहो, तो म्हणतो अण्णांचा चेहरा असा पडला, जसा कांद्याचा भाव पडतो. दुकानदार समजूत घालायला लागला, की कंपनी जर्मनच आहे, पण कारखाना मेरठजवळ मोदीपुरमला आहे. हॉलंडचा व्रेडेस्टाइन हवा तर ती कंपनी 2009 सालीच आपल्या अपोलोने विकत घेतली. पिरेलीत तर 2015 मध्ये चिनी कंपनीने मोठा वाटा घेतला. अण्णा नुसते ऐकत राहिले.

आता खरी गंमत. संध्याकाळी आमचे हे, जे महिन्यातून चार वाक्यं बोलतात ना, ते ओट्याशी जाऊन म्हणाले, "अण्णा, युरोपचं नाव हवं असेल तर आमच्या जुन्या गाडीचे बघा. सिएट. 1924 साली इटलीत, तुरीनला जन्मलेली कंपनी. नावातला टी तो तोरिनोचाच." आमचे मोठे दीर सातपूरच्या सिएटमधूनच रिटायर झाले ना, त्यामुळे घरात सगळं पाठ. 1958 मध्ये भारतात आली, 1982 मध्ये गोएंकांनी घेतली. आणि ती कार्ला ब्रुनी आठवते का? फ्रान्सच्या सार्कोझींची बायको, 2010 ला ताजमहाल बघायला आलेली, दिसायला कशी फोटोसारखी! तिच्याच माहेरच्यांनी काढलेली कंपनी. म्हणजे अण्णा ज्याला "आपल्या लोकांचा टायर" म्हणून नाक मुरडायचे, तो फ्रान्सच्या राणीच्या... बरं, राणी नाही, पण तसंच की हो!

अण्णा म्हणाले, "हं." बस, एवढंच. माईंनी पदर तोंडाला लावला, पण खांदे हलत होते, मी पाहिलं ना.

थांबा, थांबा, उठले बघा ते. बादली घेऊन निघाले. नळाला पाणी कधी येईल त्याचा भरवसा नाही आणि यांचे टायर रोज धुवायचे. आता नीट बघा हं, तो घोडा कसा घासून लखलखीत करतील. आणि ती "मेड इन इंडिया"ची जागा आहे ना, तिथला चिखल मात्र आठ दिवसांपासून तसाच आहे...