एका गाण्याचा अल्बम

आमच्या भाच्याचा अल्बम येतोय. अल्बम म्हणजे एक गाणं. एका खोलीतल्या शिकवणीला जसं अकॅडमी म्हणतात, तसं हल्ली गावाकडं एका गाण्याला अल्बम म्हणतात.

गीतकार मी. मुखडा आणि तीन अंतरे लिहून दिले. भाच्यानं कागद उलटसुलट करून पाहिला.

"मामा, ह्यात हूक कुठाय?"

"मासे धरायचेत का?"

"हो," तो म्हणाला.

हूक म्हणजे पंधरा सेकंदांचा तो तुकडा, ज्यावर पोरं रील करणार. आधी स्टेप ठरते, मग स्टेपला चाल, चालीला शब्द आणि जागा उरलीच तर अर्थ. आमच्या स्टेपमध्ये पदर दोनदा झटकायचा होता. त्यात माझे तीनही अंतरे झटकले गेले. पदर मोरपंखी. जळगावकडच्या संजू राठोडचं 'गुलाबी साडी' 2024 साली जगभर वाजलं, तेव्हापासून तालुक्यांनी रंग वाटून घेतलेत. आमच्याकडं हाच उरला होता.

सेकंदांचं हे गणित नवं नाही म्हणा. 78 आरपीएमच्या ग्रामोफोन तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची. 1902 साली कलकत्त्यात गायिका गौहर जाननं तेवढ्यात गाणं बसवलं, वर शेवटी इंग्रजीत आपलं नावही सांगितलं. तबकड्या जर्मनीत छापल्या जात. तिथल्या लोकांना लेबलवर कुणाचं नाव घालायचं ते कळावं म्हणून, असं सांगतात. आज वरातीतल्या रिमिक्समध्ये डीजे दर दहा सेकंदांनी आपलं नाव पुकारतो. गाणाऱ्याचं नाव विचारलंत तर वरात थांबेल.

आता मुख्य हिशेब तिसाव्या सेकंदाचा. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं तरच ते ऐकलं असं धरतात. 2024 पासून तर बारा महिन्यांत हजार वेळा वाजलं नाही, तर त्याला रॉयल्टीच नाही. त्यामुळं सुरुवातीची सनई भाच्यानं कापली. ती कीबोर्डमधलीच होती, म्हणून त्यात कुणाच्या पोटावर पाय आला नाही. तो आधीच येऊन गेला होता.

शूटिंग एका दिवसात उरकलं. खर्चाचा क्रम असा: ड्रोनवाला, बैल, हिरॉइन, वडापाव. बैल शर्यतीतला. त्याचे फॉलोअर हिरॉइनपेक्षा जास्त, म्हणून त्याच्या मालकानं पैसे आगाऊ घेतले आणि क्लोजअप किती ते लिहून मागितलं. तिनं बिचारीनं दुपारच्या उन्हात पदर चाळीस वेळा झटकला. गायकाला, म्हणजे भाच्याला, काहीच मिळालं नाही. त्यानं गायलंही नव्हतं फारसं. तो नुसता बोलला, सूर ऑटोट्यूननं लावला. ड्रोन मात्र उसावरून असा काही फिरला की शेजारच्या शेतकऱ्याला औषध मारतायत असं वाटलं. "आमच्याकडं पण एक फेरी मारा," म्हणून तो बांधावर येऊन उभा.

पुढं गाणं एका यूट्यूब चॅनेलला द्यायचं ठरलं. चॅनेलवाल्यानं करार पुढं केला: सगळे हक्क, कायमचे. मी चष्मा पुसून म्हणालो, "कॉपीराइट कायद्यातल्या 2012च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीचा आपला वाटा असा लिहून देता येत नाही."

"बरोबर आहे मामा," तो अदबीनं म्हणाला. "वाटा तुमचाच. आधी रॉयल्टी तर येऊ द्या."

भाच्यानं सही केली. मीही केली. पेन चॅनेलवाल्याचंच होतं, ते तेवढं त्यानं परत घेतलं.

परवा घरी सगळ्यांना टीव्हीवर गाणं दाखवलं. बहिणीनं साडी कुठली विचारलं, भावजींनी बैलाची किंमत विचारली, पोरांनी उसातल्या ड्रोनचा मायलेज विचारला. आईला ऐकू कमी येतं. तिला गाणं फार आवडलं.

तर वाचकहो, गाणं शुक्रवारी येतंय. ऐका असा माझा आग्रह नाही. लावा आणि फोन उशीखाली ठेवा, चहा करून या, काय वाटेल ते करा. फक्त एकतिसावा सेकंद लागेपर्यंत बंद करू नका.